आधी भिंती, मग छप्पर
(आईबापांचीही शाळा भरते, त्या शाळेची हकीकत)

मुलांना मारण्याचे मराठी भाषेने जितके कौतुक केले आहे, तितके दुसऱ्या कोणत्या भाषेने केले असेल असे वाटत नाही. पाठीत बसला तो धम्मकलाडू, गालावर बसली ती चापटपोळी, आणि या दोहोंनी भागले नाही म्हणजे बाहेर निघते ते चौदावे रत्न! ऐकणाऱ्याला वाटावे, दिवाळीच्या फराळाचे ताटच समोर आले आहे. ज्याच्या पाठीवर हा फराळ वाढला जातो त्याला मात्र त्याची गोडी कळत नाही, आणि खरे सांगायचे तर वाढणाऱ्या हातालाही कळत नाही. पोराला बदडून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसणारी आई कोणी पाहिली नाही? दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा तसेच वागते, आई पुन्हा हात उगारते.

या आईला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. मुलांना मारू नये, मुले म्हणजे देवाघरची फुले, प्रेमाने सांगावे, हे सारे तिने ऐकलेले असते. पण “मारायचे नाही, मग करायचे तरी काय?” असे तिने विचारले, तर उपदेश करणारा बहुधा घड्याळाकडे पाहू लागतो.

तिच्या या प्रश्नाला हात घालणारे आईबापांचे वर्ग आता जगात अनेक देशांत चालतात. त्यांतल्या एका प्रयोगाची हकीकत येथे सांगायची आहे. तो प्रयोग सुखवस्तू घरांत झाला नाही. दारिद्र्य, आजारपण, दारू आणि मृत्यू यांनी ज्यांच्या संसाराची पार दैना केली होती, अशा दक्षिण आफ्रिकेतल्या कुटुंबांत तो झाला. म्हणून त्याचे मोल अधिक.

आज्यांनी वाढवलेली मुले

दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय बाजूला ईस्टर्न केप नावाचा प्रांत आहे. नेल्सन मंडेला १९१८ साली जन्मले ते याच प्रांतातल्या म्व्हेझो या खेड्यात. येथल्या खोसा लोकांची परंपरागत घरे गोल असतात. वाटोळी भिंत आणि वर गवताने शाकारलेले निमुळते छप्पर. या घराची आठवण वाचकांनी ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

या घरांतून बाप फार पूर्वीच बाहेर पडला होता. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते, पण त्या मजुरांची बायकामुले शहरात नको होती. वर्णभेदी राजवटीचा परवाना जवळ असल्याशिवाय काळ्या माणसाला शहरात राहता येत नसे. हा परवान्याचा कायदा रद्द झाला तो १९८६ साली. तोवर कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी बाप पाहिला तो पाहुण्यासारखा, वर्षाकाठी एखाद्या वेळी.

वर्णभेद १९९४ साली संपला, आणि घरे पुन्हा जुळायची तेवढ्यात एड्सची साथ पसरली. सरकारी दवाखान्यांतून त्यावरची औषधे मिळू लागली ती २००४ पासून. त्याआधीच घरातली मधली कर्ती पिढी ठिकठिकाणी नाहीशी झाली होती. उरली आजी आणि उरली नातवंडे. खोसा भाषेत आजीला ‘मखुलू’ म्हणतात. साठी उलटलेल्या या मखुलूवर चौदा-पंधरा वर्षांच्या नातवाला वाढवण्याची पाळी आली. हाताशी काय, तर म्हातारपणाचे सरकारी वेतन आणि १९९८ पासून सुरू झालेला मुलांसाठीचा मासिक भत्ता.

तिच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहावे. बाहेर दारूचे गुत्ते आहेत, चाकूसुऱ्या चालवणाऱ्या टोळ्या आहेत, नातीला पैशाची लालूच दाखवणारे थोराड पुरुष आहेत. नातू अंधार पडला तरी घरी येत नाही. आजीचा जीव टांगणीला लागतो. तो आला की जो संताप बाहेर पडतो, त्याच्या पोटात भीतीच असते. ती काठी उचलते. पोरगा उद्या आणखी उशिरा येतो, कारण घरी काठी आहे हे त्याला ठाऊक झालेले असते. जिथून त्याला राखायचे, तिथेच तिने त्याला ढकलले असे होते. दुष्टपणा कोणाचाच नाही. पण मूल जाते.

सापळा कसा बसतो

या सापळ्याचे बारकाईने निरीक्षण केले ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी जाऊन, आईबाप आणि मुले क्षणाक्षणाला एकमेकांशी कशी वागतात याची टिपणे केली. त्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १९८२ साली निघाला.

त्याला दिसले ते आपल्याही परिचयाचे आहे. आई म्हणते, “पसारा आवर.” मूल ऐकत नाही. आई ओरडते. मूल भोकाड पसरते. आई कंटाळून म्हणते, “जाऊ दे, मीच आवरते.” मूल शिकले की भोकाड पसरले म्हणजे सुटका होते. दुसऱ्या दिवशी आई माघार घेत नाही, ती धपाटा घालते. मूल गप्प बसते. आता आई शिकली की धपाटा घातला म्हणजे शांतता होते. दोघेही एकमेकांना शिकवीत असतात, आणि दरवेळी आवाज एक पट्टी वर चढतो. ज्या वेळी मूल शांतपणे खेळत बसलेले असते त्या वेळी मात्र त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. निजलेल्या वाघाला उठवा कशाला, असे आपण म्हणतो. म्हणजे शहाण्यासारखे वागण्याचे बक्षीस शून्य, आणि वात्रटपणा केला की आईचे संपूर्ण लक्ष!

याच ओरेगन राज्यात कॉन्स्टन्स हॅन्फ नावाच्या बाईंनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पालकांना शिकवण्याची एक रीत बसवली. तिचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात आईने मुलाच्या कलाने त्याच्याशी खेळायचे. तेवढे जमल्यावरच दुसरा टप्पा, शिस्तीचा. हा क्रम बाईंनी उलटू दिला नाही. पुढे सिएटलच्या कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांच्यासारख्या अनेकांनी याच पायावर पालकांचे वर्ग उभे केले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्येही मॅथ्यू सँडर्स यांनी आपली पद्धत तयार केली. हे वर्ग उपयोगी पडले, त्यांचा बोलबाला झाला, पण त्यांची पुस्तके, प्रशिक्षण आणि परवाने यांना चांगलाच पैसा पडे. ईस्टर्न केपच्या मखुलूपर्यंत ते पोचणार कसे?

‘आमच्यापाशी आनंद आहे’

ऑक्सफर्डच्या लूसी क्लूव्हर, केप टाउन विद्यापीठाच्या कॅथरीन वॉर्ड आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाला भिडले. त्यांच्यातले जेमी लॅकमन हे विदूषकी खेळ करून संकटातल्या मुलांना हसवणाऱ्या एका संस्थेचे दक्षिण आफ्रिकेतले संस्थापक! जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने या मंडळींनी गरीब देशांसाठी वर्ग तयार केले, आणि त्यांची पुस्तके कोणालाही फुकट वापरता यावीत अशी मोकळी ठेवली. वर्गाला खोसा भाषेत नाव दिले ‘सिनोवुयो’, म्हणजे ‘आमच्यापाशी आनंद आहे’. ज्यांच्यापाशी दुसरे फारसे काही नाही अशा लोकांच्या वर्गाचे हे नाव!

दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी बारा बैठका आणि दहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी चौदा, अशी रचना ठरली. मोठ्या मुलांच्या वर्गाला आजी आणि नातवंड दोघांनी यायचे. बहुतेक बैठका एकत्र, काही वेगवेगळ्या. चालवणारी माणसे त्याच मुलखातली, तीच भाषा बोलणारी. सारे गोल करून बसत. बैठकीत गाणे असे, गोष्ट असे, छोटी नाटुकली असत. आजीने नातू व्हायचे, नातवाने आजी. नातवाच्या तोंडून आपलेच शब्द ऐकल्यावर जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही. शेवटी सर्वांनी मिळून जेवायचे. जो आला नाही त्याच्या घरी जाऊन तो भाग समजावून सांगायचा. तो का आला नाही म्हणून जाब विचारायचा नाही.

आणि घरची परिस्थिती शिकवण्यासाठी जी उपमा वापरली, ती त्या गोल घराची. घराला आधी भिंत लागते. भिंत म्हणजे माया, खेळ, गप्पा, कौतुक. छप्पर म्हणजे नियम आणि शिस्त. भिंत उभी नसताना छप्पर चढवू गेलात तर ते आतल्या माणसांच्या डोक्यावर येते. ही गोष्ट ज्या बाईने आपल्या हातांनी भिंत लिंपली आहे तिला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

भिंत कशी बांधतात

पहिला धडा अगदी साधा दिसतो. रोज निदान पाच मिनिटे मुलाबरोबर एकट्याने बसायचे. काय करायचे ते मुलाने ठरवायचे. खेळणी नसली तर काड्या, खडे, बाटल्यांची झाकणे चालतात. या वेळात शिकवायचे नाही, चुका काढायच्या नाहीत, मागचे काही उगाळायचे नाही. लहान मूल जे करते आहे ते नुसते शब्दांत सांगायचे. “तू मोठा दगड खाली ठेवलास, त्यावर लहान ठेवलास.” असे म्हटल्याने मुलाची भाषा वाढते हा एक लाभ. दुसरा लाभ असा की, कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे हे त्याला कळते, आणि त्यासाठी त्याने वाडगे फोडलेले नसते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत हीच वेळ गप्पांची. दळण आणताना, भाजी निवडताना, पाणी भरायला जाताना, केव्हाही.

दुसरा धडा कौतुकाचा. तोही रीतीने. “शहाणे माझे बाळ” एवढे पुरत नाही. “तू न सांगता बादली भरून ठेवलीस, माझे काम हलके झाले,” असे नेमके बोलायचे. ज्यांना आयुष्यात कोणी चांगले म्हटले नाही त्या माणसांना हे फार जड जाते. म्हणून वर्गात पालकांनी आधी एकमेकांचे कौतुक करून पाहायचे असते.

तिसरा धडा रागाचा. संताप आला की थांबायचे, डोळे मिटायचे, श्वास सावकाश आत घेऊन सोडायचा, आणि मग बोलायचे. हसू येईल इतके हे सोपे आहे. पण दिवसभर दुसऱ्यांची धुणीभांडी करून परतलेल्या, घरात तेल नाही आणि नवरा पिऊन आला आहे अशा बाईला, तो एक श्वास घेण्याची परवानगी आजवर कोणी दिलेली नसते.

छप्पर कसे चढवतात

मग येते शिस्त. तिचीही आखणी आहे. नियम थोडे असावेत, ते मुलांशी बोलून ठरवावेत आणि घरातल्या मोठ्यांनीही पाळावेत. हुकूम एका वेळी एकच द्यावा. “धावू नकोस” म्हणण्याऐवजी “हळू चाल” म्हणावे, कारण काय करू नये हे कळून मुलाला काय करावे ते कळत नाही. नुसते लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या रडगाण्याकडे काणाडोळा करावा, आणि ते थांबताच लगेच मुलाकडे वळावे. हा दुसरा भाग विसरला तर पहिला निर्दय ठरतो. नियम मोडला तर त्याचा आधी सांगितलेला परिणाम शांतपणे अमलात आणावा, आणि तो आपल्याच्याने झेपेल एवढाच असावा. “आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकायचे नाही!” असे ओरडायचे आणि संध्याकाळी दूध आणायला त्यालाच पाठवायचे, यात नियमाची किंमत जाते.

प्रत्येक बैठकीनंतर घरचा अभ्यास असतो. पुढच्या वेळी येऊन सांगायचे की जमले की नाही. नाही जमले तर सारी मंडळी मिळून विचार करतात, पुन्हा नाटुकले करून पाहतात. चालवणारा उत्तर देत नाही, तो विचारतो, “तुमच्यापैकी कोणाला यातून वाट सापडली आहे?” वाट बहुधा कोणाला तरी सापडलेली असते.

पोटाला नाही, तेथे वर्ग कसला?

येथे कोणी म्हणेल, “उपाशी माणसाला हे सांगणे म्हणजे थट्टा. आधी अन्न द्या.” आक्षेप अगदी खरा आहे. घरातल्या भांडणाची अर्धी मुळे रिकाम्या डब्यात असतात. म्हणूनच सिनोवुयोच्या मोठ्या मुलांच्या वर्गात घरखर्चाचा हिशेब आणि बचत यांच्याही बैठका ठेवल्या. आलेला भत्ता कोठे जातो याचा आराखडा आजी आणि नातवाने मिळून मांडायचा. घरात पैसा किती आहे हे कळलेला मुलगा बुटांसाठी हट्ट धरतो तो निराळ्या सुरात.

लूसी क्लूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एका पाहणीतून दाखवले की, भत्त्याबरोबर घरची किंवा शाळेची माया आणि लक्षही ज्यांना मिळते, त्या मुलांत एड्सची लागण होण्याजोगे धोक्याचे वागणे नुसता भत्ता मिळणाऱ्यांपेक्षा कमी आढळते. पैसा की प्रेम असा वाद घालण्याचे कारण नाही. मुलाला दोन्ही लागतात, आणि सरकारने पहिले देताना दुसऱ्याला हातभार लावता येतो.

हाती काय लागले?

या वर्गांची परीक्षाही कसून घेतली गेली. ईस्टर्न केपमधील ४० गावे व वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्या तशा दोन भागांत विभागल्या. एका भागात सिनोवुयो झाला, दुसऱ्यात हात धुणे व स्वच्छता यांची माहिती दिली. एकूण ५५२ कुटुंबे होती. वर्ग संपल्यावर पाच ते नऊ महिन्यांनी पालकांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वर्गाला बसलेल्या घरांत मारहाण व शिवीगाळ कमी झाली होती. पालकांच्या सांगण्यात ही घट मोठी होती. मुलांच्या सांगण्यात मात्र ती स्पष्ट दिसली नाही. पालक मुलांच्या दिनक्रमात अधिक लक्ष घालू लागले होते आणि त्यांच्या मनावरचा ताणही उतरला होता. मात्र मुलांची हेळसांड कमी झाल्याचे दिसले नाही.

हे सारे प्रामाणिकपणे सांगणे जरूर आहे. बारा-चौदा बैठकांनी दारिद्र्य जात नाही, गुत्ता बंद होत नाही, गेलेली आई परत येत नाही. वर्ग संपला की जुनी सवयही डोके वर काढते, म्हणून पुढे कोणीतरी विचारपूस करीत राहावे लागते. पण ज्या घरात रोज काठी उचलली जात होती तेथे ती आठवड्यातून काही दिवस कोपऱ्यात राहिली, तर त्या घरातल्या मुलाच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नव्हे.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये घरातल्या ‘वाजवी’ मारालाही मिळणारे कायद्याचे संरक्षण काढून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पालकांच्या अशा वर्गांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कायदा म्हणतो, मारू नका. ‘मग करायचे काय’ हे वर्गात कळते. यांतले एकच असून भागत नाही.

आपल्या अंगणात

आपल्याला हा विचार परका नाही. गिजुभाई बधेका यांनी ‘आईबाप होणे अवघड आहे’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तकच गुजरातीत लिहिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची दृष्टी. तेच काम अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर पुढे नेले. पुढे १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज गावोगावी, वस्तीवस्तीत अंगणवाडीताई आहेत. गरिबाच्या घराचा उंबरठा ज्यांना परका नाही अशी ही माणसे आहेत. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेतली छडी बंद केली. घरातल्या हाताचे काय, हा प्रश्न शिल्लक आहे.

आपण शहरातली शिकलेली माणसे. आपल्या मुलांच्या शाळेत पालकसभा भरते ती कशी? बाई हजेरीपट उघडून मुलाच्या खोड्या वाचून दाखवतात, आईबाप मान खाली घालून ऐकतात, आणि घरी आल्यावर त्याचा हिशेब मुलाच्या पाठीवर चुकता होतो. त्याच पालकांना गोल करून बसवले आणि “या आठवड्यात मुलाबरोबर काय जमले, काय जमले नाही?” एवढेच विचारले, तर पालकसभेचे रूप पालटेल. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंचा मुलगा शाळा सोडून भटकतो असे ऐकल्यावर “त्याला जरा धाक लावा” असा सल्ला आपण चटकन देऊन टाकतो. त्या बाईंना हवा असतो वस्तीतला एखादा असा कट्टा, जिथे त्यांना कोणी दोष देणार नाही आणि चार अनुभवी बाया वाट दाखवतील. सोसायटीचे सभागृह, मंडळाची खोली, अंगणवाडीची ओसरी, जागा कोणतीही चालेल. चहाचा खर्च आपण उचलावा.

आणि हे होईल तेव्हा होईल. दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत. किल्ला करायला घेतील, माती घरभर होईल, आवाज चढतील. त्यातली पाच मिनिटे चिखलात हात घालून त्यांच्या शेजारी बसावे. बुरूज कुठे बांधायचा ते त्यांना ठरवू द्यावे. तो वाकडा झाला तरी सरळ करायला जाऊ नये.